मी घेतलेला एकमेव झेल

मी आयुष्यात क्रिकेटचा एकच सामना खेळलो आणि त्यात एकच झेल घेतला. झेललेली वस्तू गाय होती.

हे सांगताना मला शरम वाटत नाही, कारण शरम वाटण्याची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. मूल-सिंदेवाही रस्त्यावरच्या आमच्या गावात ही हकीकत माझ्याआधी सगळ्यांनी सांगून झाली आहे, आणि दर सांगणाऱ्यागणिक गाय मोठी होत गेली आहे. सध्या ती म्हैस झालेली आहे. येत्या पोळ्यापर्यंत तिचा रानगवा होईल, अशी चिन्हं दिसतात. म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ प्रमोद जन्मापासून पूर्ण अंध. तो लहान असताना आमचे वडील गेले आणि त्याला 'घडवण्याची' जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. (कोणी दिली नव्हती.) मी हायस्कुलात मराठी शिकवतो, त्यामुळे घडवण्याचं एकच साधन मला माहीत आहे, ते म्हणजे बोलणं. प्रमोद मात्र माझ्याकडून न घडता नागपूरच्या अंधशाळेत शिकला, सरकारी दवाखान्यात टेलिफोनवर नोकरीला लागला आणि क्रिकेट खेळू लागला.

अंधांचं क्रिकेट ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉल पांढऱ्या कडक प्लॅस्टिकचा असतो. आत छर्रे असतात, त्यामुळे तो खुळखुळ्यासारखा वाजतो. बॉलर आधी विचारतो, "रेडी?" बॅट्समन म्हणतो, "यस." मग बॉलर "प्ले!" म्हणून हात खालून फिरवत बॉल जमिनीलगत सोडतो, आणि बॅट्समन एक गुडघा टेकवून आवाजाच्या दिशेनं बॅट झाडूसारखी फिरवतो. पूर्ण अंध बॅट्समनच्या वतीनं दुसरा माणूस धावतो. पूर्ण अंध फिल्डरनं एक टप्पा पडलेला बॉल पकडला तरी तो झेल धरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: बॉल चालू असताना मैदानावर शांतता हवी. हा शेवटचा नियम मला तोंडपाठ होता. प्रमोदनं तो मला सात वेळा सांगितला होता.

झालं असं की, विभागाच्या संघात एक जागा रिकामी झाली आणि आपल्या भागातल्या चार खेळाडूंची चाचणी घ्यायला निवड समितीचे राऊत सर येणार असं ठरलं. चौघांपैकी एक प्रमोद. त्या वर्षी निवड झाली नसती तर त्याचं वय पुढे सरकलं असतं आणि मग कोणी बोलावलं नसतं, हे तो कधी बोलला नाही. पण दोन महिने तो रोज पहाटे अंगणात भिंतीवर बॉल आपटत होता, त्यावरून घरादाराला समजलं होतं. (शेजाऱ्यांनाही.)

"मैदान मी बघतो," मी म्हणालो.

"दादा, फक्त मैदान," प्रमोद म्हणाला. "बाकी काईच नको करू."

आता आमच्या गावात मैदान एकच, आणि ते म्हणजे आखर. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथे सकाळी गावची ढोरं गोळा होतात. तिथून गायकी, म्हणजे गावचा गुराखी, त्यांना जंगलात चारायला नेतो आणि दिवस कलल्यावर परत तिथेच आणतो. मधल्या वेळात आखर रिकामं असतं. शेण उचललं की झालं मैदान! मी हिशेब केला: कार्यक्रम दोन वाजता सुरू, चारला समाप्त, ढोरं येतात पाचला. एक तास हातचा. राऊत सरांची परतीची शेवटची बस साडेपाचची. ती चुकली तर त्या रस्त्यानं अंधारात मोटरसायकलवर कोणी सोडायला जात नाही; आपण जाऊ, पण वाघाला विचारलेलं नसतं.

हिशेब बरोबर होता. त्यात फक्त 'कार्यक्रम' हा शब्द चुकला होता.

मला समारंभांचा तिटकारा आहे. हारतुरे, शाल-श्रीफळ, 'दोन शब्द' म्हणून उठणारे आणि दोनशे वाक्यांनी बसणारे लोक, यांच्यावर मी स्टाफरूममध्ये इतकं बोललो आहे की आमच्या हेडमास्तरांनी आता मला कुठल्याही समारंभाला बोलावणं बंद केलं आहे. पण पाहुणे नागपूरहून येणार, गावाची अब्रू आहे, एवढं तरी नको का? म्हणून मी 'अगदी छोटंसं' उद्घाटन ठेवलं. सरपंच, दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक.

"प्रास्ताविक कोन करते?" बायकोनं विचारलं. तिचं नाव कल्पना.

"मी. चार मिनिटं."

कल्पनानं चहाचं पातेलं बदलून मोठं घेतलं.

राऊत सर दीडलाच आले. साठीचे, पूर्ण अंध, हातात पांढरी काठी, एकटेच बसनं. पूर्वी स्वतः नावाजलेले बॅट्समन. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चला, करा सुरू." मी म्हणालो, "सर, सरपंच येऊन राहिलेत." सरपंच पावणेतीनला आले. मग समई. उघड्या मैदानावर डिसेंबरचा वारा, आणि समईच्या पाच वाती! सरपंचांनी पेटवावी, वाऱ्यानं विझवावी. मी दोन्ही हातांचा आडोसा केला, ग्रामसेवकांनी फाईल धरली, सरपंचांनी अख्खी काडेपेटी संपवली.

मागून प्रमोदचा आवाज आला, "दादा, दिवा कोनासाठी लावून राह्यला?"

सगळे खेळाडू हसले. राऊत सर सगळ्यात मोठ्यानं हसले. मी न हसता चार वाती पेटल्याचं जाहीर केलं आणि माईककडे गेलो.

मी खरोखर चार मिनिटंच बोलणार होतो. पण समोर माणसं बसलेली असली आणि हातात माईक असला की माझं काय होतं ते मला सांगता येत नाही. मी अंधत्वापासून सुरुवात केली, अंतर्दृष्टीकडे गेलो, तिथून संतांकडे, संतांकडून झाडीपट्टीच्या नाटकांकडे. (नाटकं कशी आली ते आता आठवत नाही.) मधूनच एका बाईचा आवाज यायचा, "दोपहर के तीन बजकर दस मिनट." मी बायकांच्या बाजूला रागानं बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा, "तीन बजकर पच्चीस मिनट." कोण ही उद्धट बाई! तिसऱ्या वेळी कळलं की ते राऊत सरांचं बोलणारं घड्याळ होतं. बटण दाबलं की वेळ सांगणारं. आणि ते बटण ते माईकच्या दिशेनं हात करून दाबत होते.

"शेवटी एवढंच सांगतो," मी म्हणालो, आणि नंतर अजून दहा मिनिटं सांगितलं.

खाली उतरलो तेव्हा चार वाजायला आले होते आणि एक खेळाडू कमी होता. चाचणीसाठी दोन्हीकडे सहा-सहा जण हवे होते; कोणी पूर्ण अंध, कोणी थोडं दिसणारे. त्यातला एक साडेतीनच्या बसनं घरी निघून गेला होता. तो प्रमोदला फोनवर म्हणाला, "मले वाटलं, कार्यक्रम म्हंजे हेच होय."

"मग आता?" राऊत सर म्हणाले. "फिल्डिंगला एक माणूस पाहिजे. कोणी डोळस असला तरी चालेल. डोळ्यांवर पट्टी बांधू."

लगेच माझ्या बायकोचा आवाज आला.

"हे आहेत न! आत्ताच सांगून राह्यले होते, मनाच्या डोळ्यानं सारं दिसते म्हनून!"

टाळ्या पडल्या. माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या.

पट्टीला काही मिळेना, म्हणून सरपंचांनी ज्या शालीनं सरांचा सत्कार केला होता तीच सरांनी काढून दिली. "घ्या, निदान उपयोगी तरी पडेल." कल्पनानं ती माझ्या डोक्याभोवती इतकी आवळून बांधली की त्यात तिचा थोडा जुना हिशेबही असावा. बॉलिंग करणाऱ्या बाजूच्या कॅप्टननं माझा हात धरून मला कुठेतरी नेलं आणि उभं केलं.

"सर, इथी उभे राहा. बाउंड्री आहे. बॉल आला तर..."

"अडवू?"

"नाई. बाजूले व्हा."

सांगण्यासारखी गोष्ट अशी की डोळे बांधल्यावर मनाचे डोळे उघडत नाहीत. मला ते दोन मिनिटांतच कळलं. आपण सरळ उभे आहोत की तिरपे, तेही समजेना. बराच वेळ मी मोठ्या एकाग्रतेनं खेळाकडे लक्ष देऊन उभा होतो, तोच कल्पना ओरडली, "अहो, इकडे तोंड करा! तिकडे धानाचं पुंजनं आहे!" (पुंजनं म्हणजे कापलेल्या धानाचा रचलेला ढीग.)

"वहिनी, शांतता!" प्रमोद ओरडला. मी शंभर टक्के वळलो. नंतर कळलं की फक्त अर्धा वळलो होतो.

चौघांना दोन-दोन ओव्हर खेळायच्या होत्या. क्रम मी आधीच लावला होता. पाहुणे आधी, यजमान शेवटी, म्हणजे प्रमोद सगळ्यात शेवटी. ही रीत आहे. (ही रीत कोणी घातली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं.) पहिले तिघे नीट खेळले. प्रमोदची पाळी आली तेव्हा घड्याळातल्या बाईंनी सांगितलं, "शाम के चार बजकर पैंतालीस मिनट."

पहिली ओव्हर मी ऐकली. काय सांगू! "रेडी?" "यस." "प्ले!" खुळखुळ खुळखुळ... आणि मग बॅटचा तो आवाज, जो मी दोन महिने अंगणात ऐकून वैतागलो होतो. सहा बॉलपैकी चार त्यानं असे फिरवले की लोकांना टाळ्या आवरेनात. मी शालीच्या आत डोळे पुसले. लोकरीमुळे ते अजूनच झोंबले.

दुसरी ओव्हर सुरू व्हायची होती, तेव्हा दुरून घंटा ऐकू आल्या.

आधी एक. मग पाच-सहा. मग सगळ्या. जंगलात हरवू नयेत म्हणून आमच्याकडे ढोरांच्या गळ्यात घंटा बांधतात, कोणाला लाकडाची, कोणाला लोखंडाची, कोणाला नुसती घुंगरं. गावची सत्तर-ऐंशी ढोरं रस्ता सोडून सरळ मैदानावर आली. त्यांच्या दृष्टीनं ते मैदान नव्हतंच!

"लक्ष्मणभाऊ! आना नको!" मी शालीतून ओरडलो. लक्ष्मणभाऊ आमच्या गावचे गायकी. "मॅच सुरू आहे!"

"मास्तर, हे आखर आहे," लक्ष्मणभाऊ शांतपणे म्हणाले. "ढोरं कुठी नेऊ? तुमच्या घरी?"

"पंधरा मिनिटं थांबवा न त्याहिले!"

"मी सांगतो थांबा म्हनून. तुमी भाषन करा त्याहिच्यापुढे, थांबतीन."

लोक हसले. राऊत सरांचा आवाज आला, "प्रमोद, थांबवायचं का? उद्या मला वर्ध्याला जायचं आहे. पुन्हा येणं होणार नाही."

"नाई सर," प्रमोद म्हणाला. "खेळतो."

"या आवाजात बॉल ऐकू येतो?"

"येते सर."

चोहीकडून टणटण, खणखण, घुंगरांचा छमछमाट, मध्ये एक वासरू आईला शोधून राहिलेलं. "रेडी?" "यस." "प्ले!" पहिला बॉल त्यानं मारला. दुसराही मारला, उंच, आणि नेमका माझ्या दिशेनं.

"सर, बॉल!" कोणीतरी ओरडलं.

कॅप्टननं बाजूला व्हायला सांगितलं होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगात काय शिरलं ठाऊक नाही. आयुष्यभर शाळेत स्कोअर लिहायला बसवलेला माणूस मी! समोरून खळखळ येत होती. जवळ आली. अजून जवळ. एक टप्पा पडला, असं मला स्पष्ट ऐकू आलं. (तो खूर होता.) मी दोन्ही हात पसरून झेप घेतली आणि आवाजाला घट्ट मिठी मारली.

बॉल गरम होता. बॉलला केस होते. बॉलनं माझ्या कानात जोरानं श्वास सोडला.

पण माणूस एकदा झेप घेतल्यावर विचार करत नाही. "झेल!" मी गर्जना केली. "झेल! झेल!" आणि त्या झेलासह मी मैदानातून चालू लागलो, म्हणजे तो चालत होता आणि मी त्याच्या मानेला लोंबत होतो.

माझं ओरडणं ऐकून प्रमोदच्या वतीनं धावणारा खेळपट्टीच्या मधोमध थबकला. दरम्यान खरा बॉल दुसऱ्याच फिल्डरनं उचलून फेकला आणि लोखंडी स्टंप वाजले. रनआउट! अजून चार बॉल बाकी होते, आणि माझ्या भावाची खेळी मी संपवली होती.

"झेल कोनी घेतला?" बॉलरनं विचारलं. तो पूर्ण अंध होता.

"मास्तरनं," कॅप्टन म्हणाला.

"काय घेतलं?"

"गाय."

"चांदी असंन," बॉलर म्हणाला. "लक्ष्मणभाऊची. त्या घंटेले तडा आहे, मघापासून ऐकून राह्यलो."

मग सगळीकडून हसणं फुटलं. त्या क्षणी मला उमगलं, की ती गाय आहे हे न कळलेला मैदानात मी एकटाच होतो. चांदीनं मान झटकली आणि मी शेणात बसलो. शाल सुटली. पहिली गोष्ट दिसली ती प्रमोदचा चेहरा. तो हसत नव्हता. बॅट हातात घेऊन तसाच उभा होता, आणि त्याचा जबडा मी लहानपणापासून ओळखतो.

"सर," मी उठून धावत गेलो, "सर, त्याची काही चूक नाही! मी, माझ्यामुळे, म्हणजे मूळ कार्यक्रमाचं स्वरूप..."

"थांबा," राऊत सर म्हणाले. "नियमात गाय नाही. डेड बॉल. अजून चार बॉल खेळेल तो."

आणि तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. साडेपाचची बस पाच वाजून वीस मिनिटांनीच आली होती. आमच्या बसच्या इतिहासात असं पूर्वी घडलेलं नाही.

मी हतबल होऊन उभा राहिलो. कल्पना मात्र उभी राहिली नाही. चहाचं रिकामं पातेलं हातात घेऊन ती रस्त्यावर गेली आणि बसच्या नाकासमोर थांबली.

"बाई, बाजूले व्हा!" कंडक्टर ओरडला.

"होते न. चार बॉल राह्यले."

"कोनाचे?"

"माह्या दिराचे. त्याचं सिलेक्शन आहे. पायजे तर पाय धरते, पन गाडी हलवू नका."

कंडक्टर खाली उतरला, त्यानं मैदानाकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "अबे, थांब जरा. ढोराहीत मॅच चालू आहे!" बसमधली माणसं खिडक्यांतून डोकावू लागली. ड्रायव्हर इंजिन बंद करणार, तोच राऊत सर ओरडले, "बंद करू नका! चालू राहू द्या."

आता बसचं इंजिन धडधडत होतं, ऐंशी घंटा वाजत होत्या, वासराला आई सापडली नव्हती, खिडकीतले प्रवासी "मार बे!" म्हणत होते, आणि शांततेचा नियम फक्त माझ्या भाषणात उरला होता. मी भावाला असं एकटं कसं सोडणार? मी बाउंड्रीवरून ओरडत राहिलो, "प्रमोद, डाव्या बाजूला गाय आहे! घाबरू नको! मन एकाग्र कर! मी आहे! उजवीकडे बैल येऊन राहिला, पण गरीब आहे!"

"रेडी?"

"यस."

"प्ले!"

पहिला बॉल बसच्या चाकापर्यंत गेला. दुसरा समईवर आदळला आणि चारही वाती विझल्या. तिसरा लक्ष्मणभाऊंच्या पायाशी. त्यांनी तो उचलून फेकला आणि म्हणाले, "वा रे पठ्ठे!" चौथा कुठे गेला ते कोणाला सापडलंच नाही. तो अजून धानाच्या पुंजण्यात वाजत असेल.

राऊत सर बसच्या पायरीवर चढले. प्रमोद त्यांच्याजवळ उभा होता, मी त्याच्यामागे, अंगाला शेण, खांद्यावर सत्काराची शाल.

"शनिवारी नागपूरला ये," सर म्हणाले. "किट घेऊन ये. संघात आहेस तू."

प्रमोदनं मान हलवली. कल्पनानं पातेल्यात तोंड लपवून रडून घेतलं. मी एक छोटंसं आभाराचं भाषण करायला तोंड उघडलं, पण सरांनी हातानं थांबवलं. (त्यांना कसं दिसलं, कोण जाणे.)

"मला एक सांग, प्रमोद," ते म्हणाले. "आमची भलीभली पोरं मैदानाबाहेर एक भोंगा वाजला की बॉल हुकवतात. तू एवढ्या गोंगाटात नेमका तेवढाच आवाज कसा निवडलास? ही सवय कुठून लागली? ढोरांची?"

"नाई सर," प्रमोद म्हणाला. "दादाची."

बस गेली. गेली वीस वर्षं मी त्याला मार्गदर्शन करतो आहे, अशी माझी समजूत होती. तो प्रॅक्टिस करत होता.